मोजणीत नसलेला सामना

रघू, तुझे दहावे जवळ आले तसे आपले पुरोहित गुंडू वाध्यार घरी आले, दर्भाची जुडी मांडीवर ठेवून बसले, आणि त्यांनी मला अगदी साधा प्रश्न विचारला. “अण्णा, संकल्पात काय म्हणू? ज्वरानं गेला असता, हृदय बंद पडलं असतं, तर विचारलं नसतं. पण पोरगा डोक्याला मार बसून गेला. म्हणजे दुर्मरणच ना? मग आधी नारायणबली धरावा लागेल, त्याचा संकल्प वेगळा.”

आतून भांडे आपटल्याचा आवाज आला आणि तुझी आई, माझी अक्का, दारात येऊन उभी राहिली. “अंबी,” ती मला म्हणाली. सत्तरी ओलांडलेल्या मला धाकटा भाऊ म्हणून हाक मारणारी ती आता एकटीच उरली आहे. “त्यांना सांग, तो शब्द माझ्या घरात उच्चारायचा नाही. माझ्या मुलानं विहिरीत उडी नाही मारली, विष नाही घेतलं. त्याच्या मरणाला वाईट म्हणणारे हे कोण?”

वाध्यारांनी मान खाली घातली. त्यांचे काही चुकले नव्हते. पाण्यात, आगीत, सर्पदंशाने, झाडावरून पडून किंवा दुसऱ्याच्या प्रहाराने ज्याचा प्राण जातो, त्याची वाट चुकते असे परंपरा मानते. ती वाट आधी सरळ करून द्यायची आणि मगच त्याला पाणी पाजायचे. यात दूषण नाही, काळजीच आहे. पण मुलाच्या आईला तो शब्द दूषणासारखाच ऐकू येतो, आणि अक्काला तो आला.

“शब्द मी ठरवतो,” मी वाध्यारांना म्हणालो. “तोवर थांबा.”

तुझे दिवस मी करतो आहे, रघू. ठरलेले उलटे होते. मला मूल नाही आणि तुला वडील नव्हते. तेव्हा माझे तू करावेस असे आपण फार पूर्वी, तू मिसरूड फुटण्याच्या वयाचा असताना, हसत हसत ठरवून टाकले होते. तू विचारले होतेस, “मामा, मंत्र चुकला तर उठून दुरुस्त कराल का?” करीन म्हणालो होतो. आता मी मंत्र म्हणतो, आणि माझे चुकले तरी दुरुस्त करायला कोणी नाही.

तुझे शरीर आम्हाला शवागारातून मिळाले. मारामुळे मृत्यू, म्हणून चिरफाड अटळ होती. ज्या छातीवर लहानपणी मी विभूती लावली ती छाती कशी उघडली आणि कशी शिवली, ते टाके मी पाहिले. कातड्याची पखालसुद्धा याहून नेटकी शिवतात. चौकीतले अधिकारी सभ्य होते. त्यांनी विचारले आणि त्यांनीच उत्तर दिले, “विपत्तु, इल्लय्या सार?” अपघात, नाही का? आपल्या संस्कृतातली विपत्ती तमिळमध्ये गेली आणि तिचा अपघात झाला. माझ्यासमोर एक शब्द उभा होता आणि मी त्याला हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. मान हलवली. या देशात मान हलवण्याचा कुठलाही अर्थ घेता येतो, त्यांनी त्यांना हवा तो घेतला.

मग सामना भरवणाऱ्यांचा एक तरुण माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आवाज खाली. “सर, ही फ्रेंडली मॅच होती. एक्झिबिशन. कुणाच्या मनात काही नव्हतं.” त्याने खुर्चीच्या कडेवर बसून चार वेळा फ्रेंडली म्हटले असेल. मी जन्मभर क्रोधाला शत्रू म्हणत आलो. त्या क्षणी त्याचे तोंड धरून भिंतीवर घासावे असे मला वाटले, आणि ते वाटणे इतके स्पष्ट होते की माझ्या तळव्याला त्याचे दात लागले. मी उठून देवघरात गेलो आणि तो जाईपर्यंत बाहेर आलो नाही.

स्मशानात खांद्यावर पाण्याचा घट घेऊन तुझ्याभोवती फिरलो. फेरी पुरी झाली की मागून कोयत्याचे टोक घटात घुसे आणि थंड पाण्याची धार माझ्या पाठीवरून वाहत जाई. शेवटी मागे न पाहता घट टाकायचा. तो फुटल्याचा आवाज मला ओळखीचा वाटला. तो आवाज मी सामन्याच्या संध्याकाळी, वरच्या आसनावर बसून, इतक्या लांबून ऐकला होता.

तो सामना आपल्या घरात आला तो एका सकाळी, जेवणाच्या वेळी. तू बँकेत निघायच्या तयारीत होतास. क्रीडा कोट्यातून लागलेली ती नोकरी, आणि तिच्या आधी पहाटे सिमेंटच्या कोर्टवर दोन तास. परदेशातला एक मोठा व्यावसायिक बास्केटबॉल संघ चेन्नईत येतो आहे, म्हणालास. त्यांचा हंगाम सुरू होण्याआधी ते समुद्र ओलांडून परक्या शहरांत प्रदर्शनीय सामने खेळतात. नव्या लोकांना खेळ दाखवायचा, खेळाडूंची अंगे मोकळी करायची, आणि पुढच्या शहरात जायचे. त्यांच्यासमोर उभा करायला इथला एक निवडक संघ हवा होता. बोर्डखाली उभा राहणारा उंच पिव्हट मिळत नव्हता, म्हणून पस्तिशी गाठलेल्या तुला बोलावले होते.

“जिंकाल?” मी विचारले.

“मामा, ते उभे राहिले तर माझं डोकं त्यांच्या खांद्याला लागतं. जिंकायचं काय घेऊन बसलात. आणि हा सामना मोजत नाहीत.”

“मोजत नाहीत म्हणजे?”

“हार-जीत कुठं लागत नाही. गल्लीत खेळताना ओप्पुक्कु चप्पाणी असतो बघा, तसा अख्खा सामनाच.”

ओप्पुक्कु चप्पाणी मला माहीत होता. लहान भावंड रडू नये म्हणून त्याला खेळात घेतात, पळू देतात, पण तो बाद झाला तरी बाद नाही आणि त्याने कुणाला शिवले तरी तो शिवलेला नाही. तुझ्या बँकेत पुण्याहून आलेले लोक त्यालाच कच्चा लिंबू म्हणतात. तूही आपल्या गल्लीत तोच होतास, आणि सगळे घरी गेल्यावर खांबाला शिवून शिवून रडायचास.

“केलेले कर्म मोजणीबाहेर जात नाही, रघू,” मी म्हणालो. “न केलेले अंगाला लागत नाही आणि केलेले वाया जात नाही. त्यात हंगामापूर्वी आणि हंगामानंतर असा भेद नाही.”

“म्हणजे देवानं स्कोअरर ठेवलाय म्हणा.”

“ठेवलाय.”

“मग त्याला सांगा, माझे फाउल जरा हात राखून लिही. वशिला लावा. रोज संध्या करता ते कशासाठी?”

“दोघांची तोंडं चालली आहेत, हात चालवा,” अक्का आतून म्हणाली. “रसम निवतंय. त्याची बस जाईल.”

आपला वाद तिथून सुरू झाला आणि तो सामन्याच्या दिवसापर्यंत रोज थोडा थोडा चालला. तू म्हणायचास, खेळ हा खेळ असतो, त्याला पाप-पुण्य लावू नका. मी म्हणायचो, ज्याच्या शेवटी कुणाचे रक्त येते त्याला मी नुसता खेळ म्हणणार नाही. कारण तुझा खेळ मी पाहिलेला होता. लोकांना वाटते बास्केटबॉल म्हणजे उडी आणि नेम. बोर्डखाली काय चालते ते मला तुझ्याकडून कळले. चेंडू कड्यावर आपटून खाली येईपर्यंतच्या त्या क्षणात तिथे उभ्या असलेल्यांच्या कंबरा, गुडघे, कोपरे एकमेकांत घुसतात. पिव्हटचे काम जागा धरण्याचे. जागा म्हणजे दोन पावलांची फरशी, आणि तिच्यासाठी बरगड्या मोजून द्यायच्या. तुझ्या भुवईवर, हनुवटीवर, कानामागे जुन्या फाटण्याच्या रेघा होत्या. करंगळी तर दोनदा मोडून वाकडीच राहिली होती.

लहानपणी मी तुला संस्कृतचे धातू पाठ करायला बसवायचो. शांततेचे धातू तुझ्या डोक्यात राहत नसत. मारण्याचे मात्र सगळे राहिले. हन्, तड्, पिष्, मृद्, तुद्. मोठेपणी कोर्टवरून येऊन ओठावर बर्फ धरत तू मला हिशोब द्यायचास, “मामा, आज तुद् धातू सगळ्या काळांत चालवला. एकाच्या बरगडीत वर्तमान, दुसऱ्याच्या भूत.” मी रागवायचो. तोंड फिरवून हसायचो, तेही तुला कळायचे. तुझ्या पूर्वजांपैकी कोणी तंजावरला मराठ्यांच्या सैन्याबरोबर आला असेल तर तो पोथी घेऊनच आला असे आपल्या घरात सांगतात. मला तेव्हा शंका येई.

त्या संध्याकाळी तू मला तिकीट दिलेस आणि मी उपरणे सावरत त्या एसीने गारठलेल्या प्रेक्षागारात जाऊन बसलो. अक्का कधीच तुझ्या सामन्याला येत नसे. तुला लागलेले तिला घरी आल्यावरच पाहायचे असे. आत ढोल, दिवे, नाचणारे लोक. पाहुणे खेळाडू कोर्टवर आले तेव्हा गोपुरावरच्या द्वारपालांनी खाली उतरून अंग झटकावे तसे वाटले. ते हसत होते. तुझे सोबतीही हसत होते, त्यांच्याबरोबर फोटो काढून घेत होते. सामना सुरू झाला तरी ते हसणे थांबले नाही. पाहुणा धावत आला की आपले लोक बाजूला सरत आणि तो चेंडू कड्यात कोंबी, मग दोघे टाळी देत. लोक खूश होते. तू एकटा बोर्डखाली पाय रोवून उभा होतास आणि तुझ्या चेहऱ्यावर मला न आवडणारी ती जुनी रेघ होती.

दुसऱ्या भागात त्यांचा एक तरुण आत आला. काळाकभिन्न, लांब हातांचा, मोठ्या आकड्याचा शर्ट घातलेला. त्याला टाळ्या पडल्या नाहीत, कोणी त्याला ओळखत नसावे. बोर्डखाली तो आणि तू असे पाच-सहा देहांच्या गर्दीत गुंतलात, काहीतरी झाले, तो क्षणभर कमरेत वाकला. मला वाटले त्याचा पाय मुरगळला. पुढच्याच चेंडूला तो उडाला, खाली येताना वळला, आणि त्याचे कोपर तुझ्या कानशिलावर बसले. घट फुटल्याचा आवाज झाला. तू आडवा पडलास आणि तुझे डोके जमिनीवर पुन्हा एकदा आपटले. नाकातून आलेले रक्त त्या चकचकीत लाकडावर लांब ओढले गेले. ढोलवाले वाजवत होते, त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मी उभा राहिलो होतो. माझ्या तोंडातून काय निघाले मला आठवत नाही. शेजारचा मुलगा मला आजोबा समजून म्हणाला, “तात्ता, बसा. तो उठतोय.” तू उठलास. नाकात कापूस भरून घेतलास आणि परत गेलास. मग जे झाले तो खेळ नव्हता. तुम्ही दोघे एकमेकांवर धडकत होता, छातीवर छाती, खांद्यावर खांदा, आणि बाकीचे हळूहळू हसायचे थांबले. प्रेक्षागारात आधी होता तो गोंगाट राहिला नाही. लोक पुढे सरकून बसले होते. रक्त तुझ्या ओठांवरून दातांवर आले होते, आणि तू प्रत्येक वेळी तीच दोन पावले जागा मागत होतास. फलकावरचे अंतर वाढतच गेले. पण त्या फलकाकडे कोणी पाहत होते असे मला वाटत नाही.

शेवटी त्या तरुणाने येऊन आपले कपाळ तुझ्या कपाळावर टेकवले आणि काही बोलला. डॉक्टरांनी नाक पाहिले, डोक्याचे चित्र, स्कॅन, काढून घ्या म्हणाले. तू घेतो म्हणालास आणि घरी आलास. अक्काने तैर-सादम, दहीभात, कालवून दिला. दोन दिवसांनी तू बँकेत गेलास, सगळ्यांना सुजलेले नाक दाखवलेस. चित्र काढायचे उद्यावर गेले आणि मग आणखी एका उद्यावर. कोणाला दोष द्यावा असे मला यात कोणी सापडत नाही, तुझ्याखेरीज. तुला मी देतो. एका तासाचे काम होते, रघू.

मग ती दुपार आली. तू डोके दुखते म्हणून लवकर घरी आला होतास, माझ्या खोलीत चटईवर पडला होतास.

“मामा, त्या दिवशी तुम्ही कुठं बसला होतात?”

“वर, उजवीकडे.”

“मग तुम्हाला त्याचाच दिसला असेल.”

“काय?”

“घाव.” तू डोळे मिटलेलेच ठेवलेस. “पहिला माझा होता. बोर्डखाली. इथं.” आणि हात लांब करून तू माझ्या बरगडीखाली बोट टेकवलेस. “श्वास बंद झाला त्याचा. पंचाला दिसलं नाही.”

मी का म्हणून विचारले. माझा आवाज मलाच शिक्षकाचा वाटला.

“बाकी सगळे फोटोसाठी खेळत होते, मामा. तो एकटा नव्हता खेळत तसा. त्याची जागा पक्की नव्हती. असल्या सामन्यांतच त्यांचं ठरतं, कुणाला ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं. तो जीव तोडून धावत होता आणि आमचे लोक त्याला वाट देत होते. वाट दिलेल्या माणसाचं काय मोजणार त्याचा कोच? मला आमचाच राग आला.”

“म्हणून त्याला मारलेस? उपकार म्हणून?”

“उपकार कसला. मलाही पाहिजे होतं. माझाही हा शेवटचाच होता, नंतर मी बँकेत फायली उचलणार. त्याला कळू दे म्हटलं, इथं एक माणूस उभा आहे. मग त्यानं मला मारलं. चोख मारलं.” तू हसलास, आणि हसताना डोके धरलेस. “शेवटी तो काय म्हणाला सांगू? म्हणाला, तू होतास म्हणून आज मला खेळता आलं.”

“म्हणजे तो सामना मोजायचा की नाही मोजायचा?” मी विचारले. मला वाटले मी वाद जिंकलो. “मोजायचा नसेल तर तुझा प्रहार निरर्थक. मोजायचा असेल तर तुझ्या नावावर हिंसा.”

“डोकं दुखतंय, मामा. उद्या भांडू.”

सकाळी अक्काने हाक मारली तेव्हा तू उठला नाहीस. इस्पितळात नेईपर्यंत एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. डोक्यात रक्त हळूहळू साचत होते, डॉक्टर म्हणाले, कधीपासून तरी. तू माझ्याशी बोलत होतास तेव्हाही.

त्या वादाचे उत्तर तू मला दिले नाहीस, आणि वाध्यारांनी नेमके तेच माझ्या अंगणात आणून ठेवले. संध्या करून उठलो की रोज तेवढाच विचार. अपघात म्हणावे तर ते खोटे आहे, तुम्ही दोघांनी हात जाणून उचलले. दुसऱ्याने मारले म्हणावे तर ते अर्धे आहे. उरते एकच. दोन पुरुष परस्परांसमोर उभे राहिले, दोघांनाही ते युद्ध खरे होते, दोघांनी समोरून घाव दिले आणि समोरून घेतले. अशा माणसाला आपल्या परंपरेत अभिमुखहत म्हणतात. पाठ न दाखवता, तोंडावर घाव घेऊन गेलेला. त्याची वाट चुकत नाही. त्याला दुर्मरण लागत नाही. पण हा शब्द वापरायचा तर पहिला घाव तुझा होता, हे तुझ्या आईला सांगितल्याखेरीज मला तो वापरता येत नव्हता. उगाच मार खाऊन मेलेला निरपराध मुलगा तिच्याजवळ होता. तो मी तिच्याकडून काढून घेणार होतो.

अक्का तुझ्या खोलीत जमिनीवर बसली होती. मी समोर बसलो आणि तू जसे सांगितलेस तसे सगळे सांगितले. बरगडीवर बोट ठेवून दाखवले.

“माझ्या मुलानं आधी मारलं,” ती म्हणाली.

“हो.”

“तुला कुणी सांगितलं?”

“त्यानंच. आदल्या दुपारी.”

तिने माझ्या गालावर मारले. लहानपणी मारायची तसे, हात मागे नेऊन, सगळ्या ताकदीने. चष्मा उडून तुझ्या पलंगाखाली गेला. “आणि तू मला आज सांगतोस,” ती म्हणाली. मग पुन्हा मारले. मी हात आडवा घातला नाही. तिसऱ्या वेळी तिचा हात माझ्या खांद्यावर पडला आणि तिथेच राहिला.

मग तिने विचारले, “त्या पोराला फार लागलं होतं का?”

“श्वास अडकला होता म्हणे.”

“त्याला ठेवलं का त्यांनी? संघात?”

मला माहीत नव्हते. ते लोक दुसऱ्याच सकाळी पुढच्या देशात, पुढच्या सामन्याला निघून गेले होते. तू गेलास हे त्याला कोणी सांगितले असेल की नाही, तेही मला माहीत नव्हते.

“अक्का, ऐक,” मी म्हणालो. “असा गेला असेल तर ते दुर्मरण नाही. नारायणबली नको. तुला नको होता तो शब्द उच्चारावा लागणार नाही.” आणि मग जे सांगायला माझी जीभ वळत नव्हती ते सांगितले. “पण मग सुतकही नाही. जो लढताना पडतो त्याचा शोक करायचा नसतो. त्याला पाण्याचीसुद्धा गरज नसते.”

“सुतक नाही?” ती म्हणाली. “मग मी इतके दिवस इथं जमिनीवर बसले आहे, ते काय?”

मी पलंगाखाली हात घालून चष्मा शोधू लागलो.

“लढताना पडला असता तर तुझं खरं, अंबी. तो पडला आणि उठला. घरी आला. माझ्या हातचा तैर-सादम खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाला. दोन दिवसांनी डबा घेऊन बँकेत गेला. रणात मेलेला माणूस डबा घेऊन जातो का? तो घरचा होऊन मेला. घरातून गेला. त्याचं सुतक माझं आहे, ते तू कुठल्या शास्त्रानं काढून घेतोस?”

तिचे बोलणे ऐकता ऐकता मला एक मत आठवले, ते मी तरुणपणी शिकलो होतो आणि कधी लागले नव्हते म्हणून मनाच्या तळाशी गेले होते. जो रणात जागीच पडला त्याची शुद्धी तात्काळ. पण जो घाव घेऊन घरी परतला आणि मागाहून गेला, त्याचे सुतक त्याच्या माणसांनी पुरते धरावे. मतांतरे आहेत. मी हे मत घेतले. घरी परत आल्याबद्दल, रघू, मी तुझा ऋणी आहे. डॉक्टरांकडे न गेल्याबद्दल मी तुला क्षमा करत नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे आणि मला त्यातले एकही सोडवत नाही.

वाध्यारांना सांगितले तेव्हा ते घुटमळले. “अण्णा, असा प्रयोग कुणी करत नाही. चेंडू खेळणारा पोरगा, त्याला अभिमुखहत?”

“तुम्ही तिथे नव्हता,” मी म्हणालो. “मी होतो.”

आज सकाळी आम्ही समुद्रावर गेलो. बायका तिथे सहसा येत नाहीत, पण अक्काने कोणाला विचारले नाही, रिक्षा थांबवली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. वाळू अजून गार होती. मी दक्षिणेकडे तोंड करून, जानवे उजव्या खांद्यावर घेऊन, ओंजळीत तीळ आणि पाणी घेतले. वाध्यार पुढे सांगू लागले आणि मी मागे म्हणू लागलो. तुझे गोत्र. तुझे नाव, रघोत्तम, जे तुला कोणी कधी पुरते म्हटले नाही.

तेवढ्यात अक्का माझ्या पुढे निघून पाण्यात गेली. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहून तिने दोन्ही हातांनी छातीवर मारायला सुरुवात केली. आपल्या घरातल्या बायकांना मी असे करताना कधी पाहिले नव्हते. ते मोठ्या रस्त्यापलीकडच्या वस्तीतले रडणे, ते तिने कुठे पाहिले, कुठे शिकली मला माहीत नाही. मुठी वळलेल्या, केस सुटलेले, तोंडातून आवाज नाही. फक्त छातीवर मुठी बसल्याचा आवाज. लाट आली की ती तिच्यावरही तशाच मुठी मारी.

“अम्मा, वेंडाम्,” वाध्यार ओरडले. नको म्हणाले, पुढे धावले. मी त्यांचा हात धरून मागे ओढला.

“संकल्प सांगा,” मी म्हणालो.

त्यांना पुढचा शब्द येईना, तेव्हा तो मी म्हटला. अभिमुखहतस्य. लाटांवरून जावा म्हणून मोठ्याने म्हटला आणि ओंजळ सोडली. अक्काने मान वळवली. तिला ऐकू गेला होता. तिला त्याचा अर्थ माहीत होता. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि तिचे हात थांबले नाहीत.